रक्ताची साक्ष आणि माणसाचा शब्द

आपले वाडवडील कोण, ते कोठून आले, हे जाणून घेण्याची ओढ बहुतेकांना असते. अमेरिकेतील लोकांत ती विशेष दिसते, कारण तेथील बहुतेक घराणी केव्हातरी समुद्र ओलांडून आलेली आहेत. इ. स. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. त्यांपैकी निम्मे लोक पहिल्या हिवाळ्यातच दगावले. जे वाचले, त्यांच्या वंशजांची एक संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली. तिचे सभासद व्हायचे तर पिढीमागून पिढी जन्म, विवाह व मृत्यू यांचे पुरावे दाखवावे लागतात. गावची दप्तरे, बाप्तिस्म्याच्या वह्या, मृत्युपत्रे, जमिनीचे कागद, थडग्यांवरील अक्षरे असे जे मिळेल ते धुंडाळीत लोक आपल्या घराण्याची वाट मागे मागे नेतात.

आता या कागदांच्या जोडीला डी. एन. ए. ची तपासणी आली आहे. नळीत थोडी थुंकी भरून पाठवली की काही आठवड्यांत उत्तर येते. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर आजीने लिहून ठेवलेली नावे खरी की खोटी, याची परीक्षा घेण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

परंतु या शोधात अभिमानाला जागा किती आहे, याचा हिशेब करून पाहावा. मनुष्याला आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असे बारा पिढ्या मागे गेले तर एकाच पिढीत ४०९६ पूर्वजांची स्थाने होतात. मेफ्लॉवर जहाज आले तो काळ साधारण तेवढ्याच पिढ्यांमागचा आहे. म्हणजे त्या जहाजातील एका पूर्वजाचा अभिमान बाळगणारा मनुष्य त्याच पिढीतील चार हजारांहून अधिक स्थाने बाजूला सारून एका नावाला कवटाळीत असतो. इतक्या मागच्या पूर्वजांपैकी पुष्कळांच्या डी. एन. ए. चा अंशदेखील आपल्या देहात उरलेला नसतो.

शिवाय ज्यांना कागदच नाहीत त्यांचे काय? १६१९ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीत विसाहून थोडे अधिक आफ्रिकी लोक आणून विकले गेले. पुढे ही संख्या वाढत गेली. १६६२ मध्ये त्या वसाहतीने कायदा केला की, मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रीतीप्रमाणे मूल बापाच्या मागे जात असे. येथे ती रीत उलटवली गेली. आई गुलाम असेल तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. बाप मालकच असला तरी त्याचे नाव विचारण्याचे कारण उरले नाही. १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व रंग. गुलामांची नावे बहुतेक ठिकाणी लिहिलेलीच नाहीत. दास्य संपल्यावर १८७० च्या खानेसुमारीत या सर्व लोकांची नावे प्रथमच लागली. आजही आपले पूर्वज शोधणारी कृष्णवर्णीय घराणी १८७० पर्यंत जातात आणि तेथे भिंत लागल्यासारखी थांबतात.

या भिंतीपलीकडे ज्यांची वाट गेली अशा एका घराण्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे.

व्हर्जिनियातील माँटिसेलो हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक व अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांचे घर. तेथे सॅली हेमिंग्ज नावाची एक दासी होती. तिची आजी आफ्रिकेतून आलेली व आजोबा एका इंग्रजी जहाजाचा कप्तान, असे तिच्या घरी सांगत. तिचे वडील जेफरसन यांचे सासरे असल्याचेही सांगत. म्हणजे जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीची ती सावत्र बहीण. १७८७ मध्ये जेफरसन यांच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून चौदा वर्षांची सॅली पॅरिसला गेली. पुढे तिला सहा मुले झाली, त्यांतील चार जगली. जेफरसन यांनी आपल्या शेतीच्या वहीत त्यांच्या जन्माची नोंद केली, पण बापाचे नाव लिहिले नाही. १८०२ मध्ये एका वर्तमानपत्रकाराने ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली. जेफरसन यांनी जाहीरपणे तिचे उत्तर दिले नाही.

त्या चार मुलांतील मॅडिसन हेमिंग्ज यांना जेफरसन यांच्या मृत्युपत्राने मोकळीक मिळाली. पुढे ते ओहायो राज्यात सुतारकी करून राहिले. १८७० च्या खानेसुमारीला आलेल्या मनुष्याने त्यांच्या नावापुढे, हे टॉमस जेफरसन यांचे पुत्र आहेत, अशी टीप लिहिली. १८७३ मध्ये मॅडिसन यांनी आपली सारी हकीकत स्थानिक वर्तमानपत्रात सांगितली. पॅरिसमध्ये राहिली असती तर आपली आई स्वतंत्र झाली असती, परंतु होणारी मुले एकवीस वर्षांची झाल्यावर मोकळी करण्याचे वचन घेऊन ती परत आली, असे त्यांनी सांगितले.

हा शब्द कोणी मानला? मानणारे थोडे होते. जेफरसन यांच्या नातवाने सांगितले की, ती मुले पीटर कार यांची. नातीने एका पत्रात लिहिले की, ती सॅम्युएल कार यांची. हे दोघे भाऊ जेफरसन यांचे भाचे होते. दोन नातवंडांचे एकमेकांशी जुळले नाही, तरीही शंभराहून अधिक वर्षे बहुतेक इतिहासकारांनी नातवंडांचेच म्हणणे प्रमाण धरले. मॅडिसन यांचे निवेदन मात्र पूर्वाश्रमीच्या गुलामाची बढाई म्हणून बाजूस सारले गेले. १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड या विदुषीने दोन्ही बाजूंचा पुरावा ताडून पाहिला आणि एकाच प्रतीच्या साक्षींना दोन मापे कशी लावली गेली, हे ग्रंथरूपाने दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी रक्ताची तपासणी झाली. पुरुषांतील ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. जेफरसन यांच्या विवाहितेपासून झालेला एकही मुलगा जगला नव्हता, म्हणून त्यांच्या चुलत्याच्या पुरुष वंशजांचे रक्त घेतले. सॅलीबाईंचे धाकटे पुत्र एस्टन यांच्या वंशजाचे गुणसूत्र त्याच्याशी जुळले. कार घराण्याशी जुळले नाही. हा निष्कर्ष नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे सत्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक अशी की, या तपासणीने एस्टन यांचा पिता जेफरसन घराण्यातील पुरुष होता एवढेच ठरते. तो कोण, हे गुणसूत्र सांगत नाही. ते ठरवायला पुन्हा कागदच लागले. प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या काळी जेफरसन माँटिसेलोला होते, हे नोंदींवरून दिसते. हे सर्व पाहून माँटिसेलो सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने २००० मध्ये जेफरसन हेच पिता असण्याचा संभव फार मोठा असल्याचे मान्य केले. काही अभ्यासक अजूनही असहमत आहेत. दुसरी गोष्ट अशी की, वुडसन नावाचे घराणेही आपण जेफरसन व सॅली यांचे वंशज असल्याचे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. त्यांचे गुणसूत्र जुळले नाही. तेव्हा घरी ऐकलेले सारेच खरे असते, असे नाही. प्रेमाने जपलेली गोष्टही चुकीची ठरू शकते, आणि ते ऐकण्याची तयारी असणाऱ्यानेच या शोधाला लागावे.

एस्टन यांच्या कुटुंबाची कथा आणखी निराळी आहे. १८५२ मध्ये ते विस्कॉन्सिन राज्यात गेले, हेमिंग्ज हे नाव टाकून जेफरसन हे नाव त्यांनी घेतले आणि गोऱ्या समाजात मिसळून गेले. त्यांचा मुलगा यादवी युद्धात कर्नल झाला. पुढच्या पिढीने मुलांना सांगितले की, आपण जेफरसन यांच्या एका चुलत्याचे वंशज. ज्या पित्याचा अभिमान धरता आला असता त्याचेही नाव त्यांना लपवावे लागले, कारण ते उच्चारले की आजीचे नावही उच्चारावे लागणार होते.

हे सर्व वाचल्यावर आमच्या मनात एक प्रश्न राहतो. १९९८ मध्ये प्रयोगशाळेने काही अंशी जे सांगितले ते मॅडिसन यांनी १८७३ मध्येच सांगितले होते. मग त्या सव्वाशे वर्षांत नेमकी उणीव कशाची होती? ज्ञानाची थोडी होती खरी, परंतु मोठी उणीव न्यायाची होती. मोठ्या घरच्या नातवंडांचा शब्द पुराव्यावाचून चालला. दासीच्या मुलाच्या शब्दाला रक्ताचा जामीन मागितला गेला. आणि रक्त मिळाल्यावरही सर्वांचे समाधान झाले नाही. माँटिसेलोच्या कौटुंबिक स्मशानभूमीची मालकी असलेल्या वंशजांच्या संघाने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घेण्यास मोठ्या बहुमताने नकार दिला.

मॅडिसन यांचा एक मुलगा कॅन्सस राज्यात सैनिकांच्या स्मशानभूमीत पुरलेला आहे. त्याचे अवशेष उकरून तपासावेत असे काहींनी सुचवले, तेव्हा मॅडिसन यांच्या वंशजांनी परवानगी दिली नाही. आपल्या घराण्याचा शब्द पुरेसा आहे, मेलेल्याची झोपमोड नको, असा त्यांचा भाव होता. त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे सांगणे सोपे नाही. पण त्या नकारामागची सल आम्हांस समजते.

रक्त जे कधीच सांगणार नाही असेही काही आहे. चौदा-सोळा वर्षांच्या त्या मुलीला नाही म्हणण्याची मुभा होती काय? ज्याच्या मालकीची ती होती त्याच्याशी तिचे नाते कसले? तिचे एकही चित्र नाही, तिच्या हातचे एकही पत्र नाही. तिच्या मुलाने सांगितले तेवढेच आपल्यापाशी आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना वंशावळी परक्या नाहीत. एज्राच्या पुस्तकात, बंदिवासातून परतलेल्या काही घराण्यांची नावे नोंदीत सापडली नाहीत म्हणून त्यांना याजकपणातून वगळल्याचे आपण वाचतो. नोंदवहीत नाव नसण्याचे दुःख किती जुने आहे ते यावरून कळते. मत्तयाने मात्र प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब व रूथ यांची नावे घातली, आणि उरीयाच्या पत्नीचाही उल्लेख केला. घराण्याचा डौल मिरवणाऱ्याने हीच नावे आधी गाळली असती.

वाचकहो, आपल्याकडेही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोणातले?’ हा प्रश्न ओठांवर येतोच. मंडळीत एखाद्या घराचा शब्द सहज मानला जातो, तर दुसऱ्याला त्याच गोष्टीसाठी दाखला आणायला सांगतात. संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलांना आपापला वंशवृक्ष काढायला सांगाल, तेव्हा वर्गात एखादे मूल बापाच्या किंवा आजीच्या जागी काही न लिहिता कागद खाली ठेवील. त्या रिकाम्या जागेचे कारण सर्वांसमोर विचारू नका. वर्ग सुटल्यावर त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या घरी काय सांगतात ते शांतपणे ऐकून घ्या.