शब्द टाकण्याआधी

वसईच्या एव्हरशाइन सिटीतली असो की विरारच्या ग्लोबल सिटीतली, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न अधूनमधून येतोच. ‘डीम्ड कन्व्हेयन्ससाठी कुणी चांगला वकील आहे का ओळखीचा?’ दहा मिनिटांत पाच नंबर जमा होतात. कुणी खाली ‘बेस्ट आहेत’ लिहितो, कुणी नुसता अंगठा टाकतो. सेक्रेटरी त्यातला एक नंबर फिरवतो आणि बिल्डरकडे अडकलेली जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं किचकट काम एका अनोळखी माणसाच्या हाती जातं. नंबर देणाऱ्याला विचारावं, तुमचं काम यांनी केलंय का? तो म्हणतो, नाही हो, पण आमच्या बिझनेस ग्रुपमध्ये आहेत, दर आठवड्याला झूमवर भेटतो, माणूस फार चांगला आहे.

माणूस चांगला असेलही. सेक्रेटरीने विचारलं होतं ते कामाबद्दल.

या बिझनेस ग्रुपांना नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. आयव्हन मिसनर यांनी 1985 मध्ये कॅलिफोर्नियात बीएनआय सुरू केलं आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देण्याची शिस्तच बसवली. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. धंदा मागायला लाजणाऱ्या मराठी माणसाला ‘मला काम हवंय’ हे चारचौघांत उभं राहून सांगायला शिकवलं, हे मोठंच काम झालं. टाळेबंदीत अशा बैठका पडद्यावर आल्या आणि अनेक ठिकाणी पडद्यावरच राहिल्या. विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला ते सोयीचंच आहे.

पण अशा बैठकीत जे दिसतं ते काय असतं? वेळेवर येणं, नेटकं बोलणं, दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवणं, मेसेजला लगेच उत्तर देणं. हे सगळे गुण खरे आहेत. मात्र मालमत्तेचा सातबारा वाचताना तो वकील एक फेरफार नजरेआड करतो की नाही, हे त्यातून कळायचा मार्ग नाही. शिवाय तिथे कौतुक फिरत असतं. मी तुमच्याबद्दल दोन शब्द बोललो, आता तुम्ही माझ्याबद्दल बोला. या आठवड्यात कुणी किती रेफरन्स दिले याची मोजदाद होते, तेव्हा हात रिकामा दिसू नये म्हणूनही एखादं नाव पुढे सरकवलं जातं. ते सरकवणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने चौकशी केलेली नसते, इतकंच.

वसईला ही चौकशी कशी करायची हे कुणी शिकवायची गरज नव्हती. 1918 मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे एक पतसंस्था निघाली, तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. अशा संस्थांचा सगळा डोलारा जामीनदारावर उभा असायचा, आजही बराचसा असतो. कर्ज मागणाऱ्यासोबत दुसरा माणूस येऊन सही करतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याने या जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच ठरवली आहे. त्यामुळे ज्याला जामीन राहायला सांगितलं जातं, तो नातेवाईक असला तरी विचारतो : कशासाठी घेतोयस? आधीचं फेडलंस का? वाडीचं उत्पन्न किती? घरी बायकोला माहीत आहे ना? सही करायची म्हटलं की चुलतभावालाही प्रश्न सुचतात.

नाव सुचवणाऱ्याला सही करावी लागत नाही. म्हणून त्याला प्रश्न सुचत नाहीत. वास्तविक आपल्या शब्दावर गिऱ्हाईक पैसे मोजतं, कागद सोपवतं, कधी आयुष्याची कमाई गुंतवतं, म्हणजे जामीन राहण्यासारखंच आहे हे. फक्त वसुली पैशांत होत नाही. ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडे काही विचारायला येत नाही, आणि का येत नाही हे आपल्याला कळतही नाही.

माणिकपूरला हिशेबाची आणि कराची कामं करणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे लोक वकिलाचं, आर्किटेक्टचं, कर्ज करून देणाऱ्याचं नाव मागत असतात. ऑनलाइन ओळख झालेल्या कुणाचंही नाव देण्याआधी तो काही गोष्टी पाहतो, आणि त्या बहुतेक फुकट पाहता येतात. वकील असेल तर सनदेचा क्रमांक. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या क्रमांकाच्या शेवटी नोंदणीचं साल असतं. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याच्या क्रमांकाशेवटी 2016 दिसलं, तर पुढचं संभाषण तिथेच थोडं गार पडतं. मग ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. मित्र निकाल पाहत नाही, कारण चांगला वकीलही हरतो. तो तारखा पाहतो. वसई कोर्टात त्याच त्या कारणासाठी किती वेळा पुढची तारीख मागितली, यावरून माणूस किती तयारीने उभा राहतो याचा अंदाज येतो.

सीए असेल तर आणखी सोपं. 2019 पासून सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर अठरा अक्षरी यूडीआयएन लागतो. त्यात आधी साल, मग सीएचा सहा आकडी सदस्य क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. कॅनडाच्या व्हिसासाठी नेटवर्थचा दाखला घ्यायला येणारी मुलं वसईत कमी नाहीत. ‘दोन तासांत काढून देतो’ म्हणणारा मध्यस्थ त्यांना ग्रुपवरच भेटतो. दाखल्यावरचा क्रमांक तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी तपासतो कोण? घराचा दलाल असेल तर त्याचा महारेराचा क्रमांक. एजंटाचा ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने.

क्रमांक असला म्हणजे झालं, असंही नाही. डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे क्रमांक मिळवले होते. उच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात त्या पाडण्याचा आदेश दिला तेव्हा आत राहणाऱ्या कुटुंबांकडे क्रमांक होता, बँकेचं कर्जही होतं. विरारला 2023 मध्ये पोलिसांनी बनावट शिक्के आणि बनावट बांधकाम परवानग्यांचं असंच प्रकरण उघडकीला आणलं, त्यात 55 इमारतींचा विषय निघाला. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. अशा घरापर्यंत माणूस जाहिरात वाचून क्वचितच पोचतो. कुणीतरी ओळखीचा म्हणालेला असतो, ‘घ्या, काही होत नाही, मीही तिथेच घेतलंय.’

डॉक्टरांचं तर विचारूच नका. वसई-विरार महापालिकेत पूर्वी मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून बसलेल्या एका गृहस्थांवर बोगस पदवीचा आरोप होऊन 2021 मध्ये कारवाई झाली. सरकारी खुर्ची हीसुद्धा एक शिफारसच असते, आणि ती लोकांनी विनातक्रार मानली होती.

शिफारशीत पैसा शिरला की चौकशीची इच्छाच मरते. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना 2013 मध्ये एका तपासणी केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एक रुग्ण तपासणीसाठी पाठवला होता, त्याची ही ‘फी’. त्यांनी तो परत केला आणि थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. पुढे 2017 मध्ये अशा ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदाही राज्यात तयार झाला. मसुदाच राहिला तो. रकमेकडे पाहावं : 1,200. एवढ्या पैशात डॉक्टर विकला जात नाही, पण पुढच्या वेळी कागदावर कोणत्या केंद्राचं नाव आधी सुचेल, हे मात्र ठरून जातं. वकिलांना आणि सीएंना बाहेरच्या माणसाशी फी वाटून घ्यायला त्यांच्या नियमांनीच बंदी आहे. तरी ‘तुमचं काय ते बघून घेऊ’ हे वाक्य ऑनलाइन ओळखीच्या तिसऱ्या-चौथ्या फोनवर येतंच. माझा मित्र हे वाक्य कानावर पडलं की ते नाव यादीतून काढतो. मला आधी हा सोवळेपणा वाटायचा. आता वाटतं, त्याला इतकी स्वस्त चाचणी दुसरी मिळाली नसती.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो मला जास्त छळतो. चौकशी म्हटली की आपण चटकन ‘आपला’ माणूस शोधू लागतो. आपल्या आळीतला, आपल्या चर्चचा, आपल्या जातीचा, गावाकडचा. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा पट्टा बाहेरून आलेल्यांचा झाला होता. कोकणातून आलेले, उत्तरेतून आलेले, गिरगाव-दादर परवडेना म्हणून आलेले. लातूरहून येऊन नालासोपाऱ्यात भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या तरुण वकिलाला इथे ओळखणार कोण? त्याला ती झूमवरची बैठक हाच एक दरवाजा आहे. त्याला ‘ओळखीचा नाही’ म्हणून दारातच थांबवलं, तर आपण चौकशीच्या नावाखाली फक्त गोतावळा सांभाळतोय. म्हणून सनद, यूडीआयएन, कोर्टाच्या तारखा यांचं मोल. त्या आडनाव विचारत नाहीत. उलट आपल्या आळीतल्या बड्या माणसालाही त्या तितक्याच कोरडेपणाने तपासतात, आणि आपल्याला ते जड जातं.

कागद तपासून झाल्यावर मित्र त्या माणसाला एकदा समोर बसवतो. स्टेशनजवळ चहा पुरतो. त्यात तो एकच प्रश्न खोदून विचारतो : कुठलं काम तुम्ही घेत नाही? ज्याच्याकडे याचं उत्तर असतं त्याला आपली मर्यादा ठाऊक असते. ‘मी कौटुंबिक खटले घेत नाही, ते अमुककडे पाठवतो’ असं म्हणणाऱ्यावर त्याचा लगेच विश्वास बसतो. ‘आपल्याकडे सगळं होतं साहेब’ म्हणणाऱ्याला तो चहा पाजतो, एवढंच. जमलं तर आधी स्वतःचं एखादं किरकोळ काम देतो, भाडेकराराचा मसुदा वगैरे, आणि फीची पावती मिळते का हे पाहतो. दोन-तीनदा मागितल्यावर मिळणारी पावतीही बरंच काही सांगते.

आणि नाव देताना तो जे बोलतो ते गिऱ्हाइकांना फारसं आवडत नाही. ‘बेस्ट आहेत’ असं तो कधीच म्हणत नाही. ‘यांनी दोन सोसायट्यांचं कन्व्हेयन्स केलेलं मी पाहिलंय. बिल्डर कोर्टात गेला तर हे कसे लढतात ते मला माहीत नाही. मला यातून काही मिळत नाही. आणखी एक नाव देतो, दोघांशी बोला.’ परवा एक सेक्रेटरीबाई यावर वैतागल्या. म्हणाल्या, ‘अहो, पण नक्की चांगले आहेत की नाहीत, ते सांगा ना एकदा.’

तो म्हणाला, ‘पहिल्या भेटीत पैसे देऊ नका. काय काय कागद मागतात ते लिहून घ्या आणि मला फोन करा.’