माया सोडून कापा

माझ्या मशीनशेजारच्या टोपलीत आत्ता चार कामं आहेत. भाचीच्या बाळाची कुंची, उशीचे दोन अभ्रे, सहा कळ्यांचा परकर आणि एक कटोरी ब्लाउज. कुंचीला फक्त नाड्या लावायच्या राहिल्यात. ब्लाउज मात्र तीन महिने तिथेच पडून आहे. गळ्यापासून काखेकडे एक तिरकी चुणी पडते. दोनदा उसवून पुन्हा टीप मारली, चुणी थोडी सरकली, पण गेली नाही.

घरी शिवणाऱ्या बायका अशा वेळी एकच निष्कर्ष काढतात, की आपला हात बसलेला नाही. मग मशीनवर चादर पडते आणि पुढची सगळी कापडं शिंप्याकडे जातात. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे, की त्याविरुद्ध लिहावंसं वाटलं. दोष बऱ्याचदा हातात नसतोच, तो आकृतीत असतो.

वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या एबनेझर बटरिक या शिंप्याने, १८६३ साली. पद्धत आजही तीच आहे. एक शरीर प्रमाण धरायचं, त्याची आकृती काढायची आणि तीच ठरावीक अंतराने लहान-मोठी करत न्यायची. ते प्रमाण शरीर कुणाचं, हा प्रश्न आपण विचारत नाही. ‘बुर्दा’ या जर्मन मासिकाचे बायकांचे नेहमीचे पॅटर्न १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट उंचीसाठी आखलेले असतात. पाच फूट उंचीच्या बाईने तो कागद जसाच्या तसा कापला, तर कंबर कमरेखाली उतरणारच. आपल्याकडच्या तयार कपड्यांनाही स्वतःचा मापांचा तक्ता नव्हता. म्हणून तर ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतल्या २५ हजार माणसांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तोही २०१८च्या सुमारास.

शिवणवर्गातली वही याहून जवळची, पण तीही गृहीतकावरच चालते. छाती ३४ तर चौथा भाग साडेआठ, आणि त्याच छातीवरून मुंढा, कधीकधी खांदा आणि गळाही. छाती वाढली की खांदे वाढतात, असं हे सूत्र धरून चालतं. पण दोन बाळंतपणांनंतर ३२ची ३८ झालेल्या बाईच्या खांद्याची हाडं तीच असतात. सूत्राबरहुकूम कापलेला तिचा ब्लाउज खांद्यावरून घसरतो, आणि ती बिचारी आपली टीप वाकडी आली का ते पाहत बसते.

आमच्या आजीच्या पिढीला हा त्रास कमी होता. गाठीची चोळी गाठीने अंगाबरोबर बसायची, परकर नाडीवर, झबलं बंदांवर. माप कापडात कोंडलेलं नव्हतं, ते रोज बांधताना ठरत होतं. हुक आले, टक्स आले आणि अर्ध्या इंचाला किंमत आली.

माझ्या ब्लाउजचं कोडं गेल्या रविवारी उलगडलं. आरशासमोर तो घालून उभी राहिले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं, की चुणी फक्त उजवीकडे आहे. उजव्या खांद्याच्या शिवणीवर, मुंढ्याच्या टोकाशी, अर्धा इंच कापड चिमटीत धरलं. चुणी नाहीशी झाली. सोडलं, पुन्हा आली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. इतकी वर्षं अंगावर असलेली गोष्ट मला या कापडाने सांगितली. आता त्या बाजूला खांद्याची शिवण उतरती घ्यायची आणि मुंढाही तेवढाच खाली खणायचा, नाहीतर काखेत काचेल.

हे शिंप्याला दिसलं नसतं का? कसबी शिंप्याला मापं घेतानाच दिसतं. पण लग्नसराईत त्याच्या दारात पन्नास ब्लाउज लटकलेले असतात, तीन महिने एका चुणीकडे पाहायला त्याला परवडत नाही. हौशी माणसाकडे हा वेळ आहे, आणि तो वापरायला आपण लाजतो.

लाजण्याचं कारण ती टोपली. ‘एक काम हातावेगळं कर, मग दुसऱ्याला हात लाव,’ हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना ते बरोबर आहे. घरातल्या बाईचा वेळ मात्र तुकड्यांनी येतो आणि शिवणाची कामंही सारखी नसतात. कापायला सलग दोन तास, मोकळी फरशी आणि शांत डोकं लागतं. सरळ टीप कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मारून होते. हुक, काजं, हातशिलाई टीव्हीसमोर किंवा लोकलमध्येही. टोपलीत चार तऱ्हेची कामं असली, तर मिळेल तो तुकडा सत्कारणी लागतो. शिवाय अडलेल्या ब्लाउजवरून उठून अभ्रा शिवला, की हात पुन्हा धीट होतो. अर्धवट कामांना मी आळस म्हणत नाही.

एक बंधन मात्र मी कडक पाळते. कापलेलं पण न शिवलेलं काम एका वेळी एकच. खडूच्या खुणा पुसतात, बाहीची पुढची बाजू कुठली नि मागची कुठली ते आठवत नाही, आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्या जातात. त्यामुळे प्रत्येक कामाला चिठ्ठी टाचायची: माप कुणाचं, कुठे अडलं, पुढे काय करायचं.

साडीबरोबर आलेला ब्लाउजपीस एकदाच कापता येतो. अवघड आकृती आधी मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर कापा, मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवा, अंगात घालून आरशासमोर उभ्या राहा. चुणी कुठून कुठे जाते ते पाहा. उसवणं त्यानंतर. आणि मूळ कापडात माया, म्हणजे शिवणीलगत जादा कापड, सोडा. बाजूच्या शिवणीत सगळ्याच सोडतात, खांद्याला सोडत नाहीत. तिथे पाऊण इंच तरी ठेवा. मी या ब्लाउजला ठेवली होती. या वेळी खांदा आत घ्यायचा आहे, पण चढवायचा असता, तर तीच कामी आली असती.