प्रेमाच्या हाकेचे देणे

वाचक सज्जनहो, या खेपेस एका परक्या शब्दाविषयी चार गोष्टी लिहावयाच्या आहेत. शब्द अरबी आहे, परंतु प्रश्न आपल्या घरचाच आहे. म्हणून कंटाळा न करता शेवटपर्यंत सोबत यावे, ही विनंती.

आमच्या लोह्यात शेजारच्या घरातील एक मुलगा तीन वर्षांपासून सौदी अरबस्तानात, रियाध शहरी, वायरमनच्या कामाला आहे. इकडे चार एकर कोरडवाहू जमीन आणि खाणारी सात माणसे. म्हणून तो गेला. शुक्रवारी त्याला सुटी असते. त्या दिवशी तो घरी फोन लावतो आणि फोनमध्ये त्याचे तोंड दिसते, म्हणून घरातली सगळी माणसे भोवती जमतात. एका शुक्रवारी मीही तेथे बसलो होतो. बोलणे चालू असता त्याच्या मागून कोणी मोठ्याने हाक मारली, "हबीबी!" मुलाने वळून काही उत्तर दिले.

आजी एकदम दचकली. "हा हबीब कोण रे? नाव बदललं का काय लेकराचं त्यायनं?"

मुलगा हसू लागला. "आजी, नाव नाही ते. इथं सगळेच सगळ्याला हबीबी म्हणतेत. दुकानदार म्हणतो, डायवर म्हणतो, पोलीस बी म्हणतो."

"म्हंजी काय त्याचं?"

"म्हंजी, माझ्या लाडक्या."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझा ठेकेदार बी म्हणतो का?"

"म्हणतो की. रोजच म्हणतो."

"मग लाडक्याचा दोन महिन्याचा पगार कामून अडकवून ठिवलाय त्यानं?"

मुलाला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही. आजीचा हा प्रश्न हाच या लेखाचा विषय होय.

आधी शब्द पाहू. 'हबीब' म्हणजे प्रिय, लाडका, जिवलग. त्याला शेवटी 'ई' लागला की 'माझा' असा अर्थ होतो. म्हणून हबीबी म्हणजे माझ्या प्रिया, माझ्या लाडक्या. स्त्रीला 'हबीबती' म्हणतात. सिनेमाच्या गाण्यांनी घरोघर पोचविलेला 'मोहब्बत' हा शब्दही त्याच मुळाचा. मुसलमान बांधव आपल्या पैगंबरांना 'हबीबुल्लाह' म्हणजे ईश्वराचा लाडका म्हणतात. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणच्या उरुसात कव्वाली ऐकणाऱ्याच्या कानांवरून हबीब हा शब्द गेलाच असेल. म्हणजे एकाच शब्दाने आई पाळण्यातल्या लेकराला हाक मारते, नवरा बायकोला मारतो, भक्त ईश्वराच्या लाडक्याला आठवितो, आणि भाजीवाला गिऱ्हाइकालाही बोलावितो. किंबहुना चिडलेला माणूससुद्धा "हबीबी, जरा ऐक" असे म्हणतो. आपण नाही का वैतागून "अरे बाबा, ऐक की" म्हणत!

हा शब्द फार हिंडलेला आहे. स्पेनमध्ये अरबांचे राज्य होते तेव्हा, सुमारे ११ व्या शतकात, तेथील अरबी व हिब्रू कवी आपल्या गीताच्या शेवटी लोकभाषेतली ओळ जोडीत. त्या ओळींत प्रियकराची आठवण काढणारी मुलगी 'हबीब' हाच शब्द वापरते. इंडोनेशियात येमेनच्या हद्रमौत प्रांतातून गेलेल्या सय्यद घराण्यांतील पुरुषांना लोक आदराने 'हबीब' म्हणतात. तेथे लाडाचा शब्द मानाची पदवी होऊन बसला. इस्रायलमध्ये हिब्रू बोलणारे लोकही एकमेकांना सहज हबीबी म्हणतात. ज्या दोन समाजांत इतके रक्त सांडले, त्या दोघांच्याही तोंडी लाडाचा शब्द एकच! शब्द एक झाला म्हणून मने एक होतात असे नाही, हे येथेच ध्यानात ठेवावे.

हद्रमौत हे नाव आपल्यालाही अगदी परके नाही. निजामाच्या फौजेत तेथले अरब मोठ्या संख्येने होते; हैदराबादचा बारकस मोहल्ला त्यांच्याच बराकींवरून ओळखला जातो, आणि मराठवाड्यात त्यांच्या वंशजांना 'चाऊस' म्हणतात. जुन्या काळी सावकाराच्या वसुलीसाठी दाराशी अरब पहारेकरी बसविला जाई. तेव्हा आपल्या पणजोबांना अरब दिसला तो बहुधा दारावर बसलेला. त्याच्या घरात आई लेकराला 'हबीबी' म्हणते हे त्यांना कोठून दिसणार? आज आपली मुले त्यांच्या देशात कामाला गेली, तेव्हा हा घरातला शब्द आपल्या कानी आला.

आता आपल्याकडे पाहू. प्रेमाची हाक परक्याला मारण्यात आपणही कमी नाही. लहान मुलीला बाप "ये गं माझे माय" म्हणतो, आणि मुलाला आई "बाबा माझा" म्हणते. अरबस्तानाच्या उत्तरेकडील देशांतही अशीच उलटी रीत आहे. तेथे बाप लेकराला 'बाबा' म्हणून आणि आई लेकराला 'मामा', म्हणजे आई, म्हणून हाक मारते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्याचा व्यापारी कधी न पाहिलेल्या माणसाला "मामा, या" म्हणतो. त्यात कोणी फसत नाही. परंतु नात्याचा शब्द पुढे करून जेथे खिसा कापला जातो, त्याला आपल्या भाषेने 'मामा बनविणे' असे नाव ठेवलेच आहे. लोकांनी पूर्वीच ओळखले होते की, नात्याच्या शब्दाला दोन टोके असतात.

शब्द कसे बदलतात तेही पाहा. 'साहेब' हा अरबी शब्द मुळात सोबती या अर्थाचा. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, ते त्याच मुळावरून. आपल्याकडे येईपर्यंत तो सोबती खुर्चीवर चढून बसला आणि आपण खाली उभे राहिलो. उलट आपला 'गडी'. सवंगडी म्हणजे खेळातला बरोबरीचा. आणि शेतावर वर्षाच्या बोलीने राबतो तोही गडीच! सोबत्याचा शब्द एकाला धनी करून गेला आणि एकाला चाकर. यावरून एवढे सिद्ध होते की शब्दात प्रेम कुलुपबंद ठेवलेले नसते. ते वापरणाऱ्याच्या हाती असते.

येथे कोणी शंका घेईल की, मग हे शब्द वापरूच नयेत. मनात भाव नसता तोंडाने लाडक्या म्हणणे हे ढोंग नव्हे काय? त्यापेक्षा कोरडे बोलावे, परंतु खरे बोलावे. शंका रास्त आहे. परंतु थोडा विचार करू.

अकराव्या शतकातील सूफी सत्पुरुष हुजवीरी, ज्यांची समाधी लाहोरला आहे, त्यांनी आपल्या 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात एक मजेची गोष्ट नोंदविली आहे. अरबीत प्रेमाचा शब्द आणि बियांचा शब्द यांचे अक्षरमूळ एकच. वाळवंटात बी पडते, मातीत दडते, त्यावर ऊन तापते, पाऊस पडतो, तरी ते नासत नाही. वेळ आली की उगवते. प्रेमाचे तसेच, म्हणून हे नाव. शब्दशास्त्रात ही व्युत्पत्ती टिको वा न टिको, आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ती पटल्यावाचून राहणार नाही. आपण धूळपेर करतो. पाऊस आलेला नसतो, माती कोरडी ठणठणीत असते, तरी बी टाकून मोकळे होतो. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. तो भरवसा असतो. आई म्हणून हाक मारली, आज मन कोरडे आहे. उद्या त्याच हाकेची लाज वाटून मनाला ओल येईल. तेव्हा भाव नसता उच्चारलेला प्रेमाचा शब्द ही धूळपेर समजावी. ती वाया जाऊ शकते, पण ते पाप नव्हे.

पाप कोठे आहे? पाप बोगस बियाण्यात आहे. पिशवीवर चित्र टपोऱ्या कणसाचे, आणि आत न उगवणारा दाणा. विकणाऱ्याला ते ठाऊक असते, तरी तो पैसे घेतो. ठेकेदाराचे 'हबीबी' या जातीचे. मुलगा पगार मागावयास गेला की तो म्हणे, "हबीबी, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. त्या शब्दाने तो पगाराच्या ठिकाणी प्रेम ठेवीत होता, म्हणजे रुपयाच्या जागी चित्र ठेवीत होता. लाडक्या म्हटल्यावर भांडावे कसे, अशी त्या पोराची कोंडी होई. दुबळ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरलेला गोड शब्द शिवीपेक्षा वाईट. कारण शिवीला उत्तर देता येते.

आणि त्याच खोलीत त्याच शब्दाचे दुसरे रूपही होते. मुलाबरोबर एक वयस्क येमेनी गृहस्थ राहतो. पैसे अडकले त्या दिवसांत त्याने आपली रोटी रोज दोघांत मोडली. मुलाला ताप भरला तेव्हा रात्रभर उशाशी बसला. तोही 'हबीबी'च म्हणे. त्या शुक्रवारी फोनमधून जी हाक आजीला ऐकू आली, ती त्याचीच होती. जेवावयास बोलावीत होता. शब्द एक, तोंडे दोन. एकाने देणे चुकविण्यासाठी वापरला, दुसऱ्याने देणे फेडीत वापरला.

परंतु सज्जनहो, सौदीच्या ठेकेदाराला नावे ठेवणे सोपे आहे. तो आपला लेख वाचणार नाही. आपले काय?

आपण वारकरी एकमेकांस 'माऊली' म्हणतो. जात नाही, वय नाही, ओळख नाही. लहान थोराच्या आणि थोर लहानाच्या पाया पडतो. हबीबीपेक्षाही हा शब्द मोठा, कारण लाडका म्हटले तर मी देणारा होतो, आई म्हटले तर मी लेकरू होतो. आता स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी पाण्याचा टँकर आला. उन्हाची वेळ, गर्दी फार. मी हंडा घेऊन घुसलो. पुढे एक म्हातारी कळशी धरून उभी होती. "माऊली, माऊली, जरा सरका" असे म्हणत मी कोपराने तिला बाजूला केले. ती पडली नाही, पण कळशी हातातून सुटली. तिने वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "माऊली म्हणून ढकलायलास व्हय रे? त्यापेक्षा सरक म्हातारे, म्हण की. तेवढं तरी खरं होईल."

मी तिची कळशी उचलून दिली नाही. हंडा भरून निघून आलो. रात्री कीर्तनात सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले तेव्हा मी तिला शोधले. ती आमच्या दिंडीतली नव्हती. ते देणे अजून माझ्याकडे आहे.

यावरून मला जे उमगले ते असे. प्रेमाची हाक हा प्रेमाचा पुरावा नव्हे. ती आपण स्वतः लिहून दिलेली हुंडी आहे. माऊली म्हटले त्या क्षणी मी त्या माणसाचे लेकराइतके देणे लागलो. हबीबी म्हटले त्या क्षणी तो माझा लाडका म्हणून माझ्याकडे मागू शकतो. हुंडी लिहिताना खिशात पैसे नसले तरी चालते, परंतु वटविण्याची वेळ आली की तोंड चुकवू नये. आणि जेथे मजुरी, पाणी, जागा, वाटा असे उघड देणे असेल, तेथे आधी ते द्यावे, मग गोड शब्द बोलावा. देण्याच्या ऐवजी शब्द देऊ नये.

दुसरी गोष्ट, ज्याला हाक मारली त्यानेही संकोच करू नये. "माऊली म्हणालात ना, मग आईला पाणी आधी भरू द्या" असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. त्या म्हातारीने तो बजावला, आणि ती माझी गुरू झाली.

परक्या भाषेचा शब्द म्हणून कोणी नाक मुरडू नये. परंपरा ज्यांचा जन्म नरसीचा सांगते, त्या नामदेवरायांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांतील तिलंग रागातल्या एका पदात फारसी 'यार' हा शब्द हाक होऊन येतो, आणि त्याच पदात द्वारकेचेही नाव येते. संतांनी शब्दाची जात विचारली नाही.

असो. मुलाचा पगार पुढे मिळाला, तोही तुकड्यातुकड्याने. गेल्या शुक्रवारी पुन्हा फोन आला. त्याच्या हाताखाली आता नेपाळचा एक नवा पोरगा दिला आहे. मुलगा त्याला "हबीबी, ती पक्कड दे" असे काहीसे म्हणाला, आणि ते आजीने ऐकले.

"जेवला का तो?" आजीने विचारले.

"कोण?"

"तुझा लाडका."

मुलाने मागे वळून त्या पोराला विचारले. तो जेवला नव्हता.

वाचकहो, पुढच्या वारीत आपण हजार वेळा माऊली म्हणू. म्हणावेच. पण प्रत्येक हाकेमागून आजीचा हा एक प्रश्न मनात असू द्यावा.

रामकृष्णहरी.