हिमावरील साहस

आपला प्राण संकटात घालण्याचा अधिकार मनुष्यास आहे, असे आम्ही क्षणभर मान्य करू. परंतु पौष-माघात मनालीहून सोलंगमार्गे अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा युक्तिवाद टिकत नाही. तेथे डांबरावर गोठलेला बर्फाचा पातळ थर काचेसारखा पारदर्शक असतो. डोळ्यांस तो दिसतच नाही. गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दसपटीपर्यंत अंतर लागते. ब्रेक जोराने दाबला तरी ती घसरतच जाते. मग चालकाचे कौशल्य काय कामाचे? पुढच्या गाडीतील मुलाबाळांनी, किंवा दोर घेऊन दरीत उतरणाऱ्यांनी, या साहसास संमती दिलेली नसते. रस्ता निसरडा पाहून मागे वळणाऱ्यास भ्याड म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. २०२० साली बोगदा खुला झाला आणि रोहतांगची चढण टळली खरी. बोगद्याच्या तोंडाशी मात्र बर्फ पडतोच.