कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे?

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि कालपर्यंत आईचा पदर न सोडणारे बालक पहिलीच्या वर्गात जाऊन बसते. काही दिवस ते रडते, डबा तसाच परत आणते. दिवाळीच्या सुमारास रडणे थांबले की आपण समाधानाने म्हणतो, ‘आता रुळले!’ या एका शब्दापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. रुळणे म्हणजे मुलाने शाळेला आपलेसे करणे, की आपले येथे कोणी ऐकणार नाही हे उमगून गप्प होणे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्रतेने समोर येतो. येथे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्यावरचे मूल आईला ‘याडी’ म्हणते. पुस्तकात मात्र त्याला ‘आई’ भेटते. ज्या शब्दावर त्याचे सारे जग उभे, तो शब्दच शाळेत चालत नाही. मग ते अबोल होते आणि त्या अबोलपणाला आपण मंदपणा समजतो.

दुसरी अडचण पोटाची. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, ती उन्हाळ्यातच परततात. शाळेची जेमतेम ओळख होते न होते तोच मुलापुढे पेच पडतो: आईबरोबर जावे तर शाळा सुटते, शाळेत राहावे तर आई दुरावते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि सहा वर्षांच्या जिवाने आई आणि अक्षर यांतून एकाची निवड करावी, हे न्याय्य म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, जग काही मुलासाठी बदलत नाही. सोसण्याची सवय लवकर लागलेली बरी. या युक्तिवादाला महाराष्ट्रातच कृतीने उत्तर मिळालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यातूनच आली. पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. जुळवून घेण्याचे ओझे ज्याचे खांदे मोठे त्याने उचलावे, हा साधा न्याय त्यांनी आचरून दाखविला.

याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थोपटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. दुखावलेले नामदेव अखेर औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा त्यांना गुरू लाभला. कच्चे ठरविणे एका थापेचे काम. घडविण्याला मात्र सोबत लागते. आणि कुंभारही मडके घडताच आव्यात घालीत नाही. आधी सावलीत वाळू देतो. पहिलीचे वर्ष हे त्या सावलीचे वर्ष आहे.

आपल्या धर्मग्रामातील पालकांनी हे सारे दूरच्या तांड्याचे दुःख मानू नये. घरी मराठी बोलणारे आपले मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसते, तेव्हा तेही आपली भाषा दाराबाहेर ठेवूनच आत जाते. प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाचणी घेण्यास शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मनाई केली. परंतु घरी रोज संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ म्हणून आपणच थापटणे उचलतो.

मुलाने शाळा शिकावी हे खरेच. पण पहिल्या वर्षी शाळेने आणि घराने मूल शिकावे. गुरुजींनी तांड्याचे दहा शब्द शिकून घेतले, आईवडिलांनी संध्याकाळची दहा मिनिटे प्रश्न न विचारता ऐकण्यासाठी ठेवली, तरी पुष्कळ झाले. मूल शांत झाले एवढ्यावर आपण समाधान मानू नये. ते शाळेत मोकळेपणी बोलू लागले, तरच ते रुळले असे म्हणावे.