मेदाची कोलांटी

जिवाणूचं पेशीपटल जेमतेम चार नॅनोमीटर जाड. तरीही मेदाचा रेणू एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून जायला तास न् तास घेतो, असं १९७१ साली कॉर्नबर्ग आणि मॅकॉनेल यांनी कृत्रिम पटलावर मोजून दाखवलं. ई. कोलाय हा जिवाणू तर पोटभर खायला मिळालं की वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याला एवढी सवड कुठली?

अडतं ते रेणूच्या डोक्यापाशी. पटलात मेदाचे दोन थर असतात. शेपट्या आत, एकमेकींकडे. डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. आपल्या थरातल्या थरात रेणू झरझर सरकतो. कोलांटी मारायची म्हटली, की पाण्याला चटावलेलं डोकं मधल्या तेलातून न्यावं लागतं, आणि तिथे ते जायला तयार नसतं.

आता ई. कोलायच्या दोन पटलांपैकी बाहेरच्या पटलातला लिपिड-ए हा मेद घ्या. दोन शर्करा, दोन फॉस्फेट, सहा शेपट्या, शिवाय डोक्याला जोडलेली साखरेची साखळी. असलं धूड तयार होतं आतल्या पटलाच्या आतल्या अंगाला, कारण कच्चा माल आणि ऊर्जा पुरवणारा एटीपी दोन्ही तिथेच. हवं असतं मात्र बाहेर. ही उलथापालथ एमएसबीए नावाचं प्रथिन करतं. उष्णतेने ज्याचं एमएसबीए निकामी होतं असा जिवाणू ४४ अंशांवर ठेवला, तर मेद आतल्या पटलातच साचत जातो.

एमएसबीएची युक्ती अशी, की ते डोक्याला तेलात शिरायलाच लावत नाही. त्याच्या दोन सारख्या अर्ध्या भागांच्या मध्ये पोकळी असते. लिपिड-ए बाजूने आत येतो. प्रथिनातली आर्जिनिन आणि लायसिन ही धनभारित अमिनो आम्लं त्याचे ऋणभारित फॉस्फेट धरून ठेवतात. शेपट्यांना त्याच पोकळीचा तेलकट भाग मिळतो. मग आतल्या बाजूला एटीपी चिकटतो, दोन्ही अर्धे खालून मिटतात, पोकळी बाहेरच्या अंगाला उघडते आणि रेणू तिथल्या थरात सुटतो. एटीपी तुटला की यंत्र पूर्वपदावर. मला यातलं विशेष वाटतं ते हे, की एटीपीची ताकद खर्च होते ती प्रथिनाचा आकार बदलण्यावर. डोक्याचा प्रश्न पोकळीच्या भिंतींनी आधीच सोडवलेला असतो.

या प्रथिनाने माणसांनाही एकदा उलटं पाडलं. २००१ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलेली त्याची रचना २००६ साली मागे घ्यावी लागली; संगणक-प्रणालीत आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती आणि सगळा नकाशाच उलटा निघाला होता. लिपिड-ए पोकळीत नेमका कसा धरलेला असतो, हे नीट दिसलं ते २०१७ साली, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

पुढच्याच वर्षी एमएसबीएला आतल्या बाजूला उघड्या स्थितीतच अडकवून ठेवणारे रेणू सापडले. मेदाची कोलांटी थांबली, की ई. कोलाय जगत नाही.