पाण्याची मालकी आणि माणसांची गणती

कोकणातल्या आमच्या मालगुंडात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, जांभ्यातून झिरपून आणि पऱ्ह्यांवाटे वाहून बहुतांशी समुद्राला मिळतो, आणि वैशाख उजाडला की ज्याच्या आवारात खोल विहीर आहे तो आंब्याच्या कलमांना पंपाने पाणी सोडतो, तर ज्याच्याकडे ती नाही त्याच्या घरची बाई कळशी घेऊन दुसऱ्याच्या दारी उभी राहते. ही स्थिती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, जमीन माझी म्हणून तिच्या पोटातले पाणीही माझेच, हा दावा धर्माच्या कसोटीला उतरतो काय, असे कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाला आचरणाने उत्तर देणारे विलासराव साळुंखे हे कोणी शास्त्री-पंडित नव्हते. पुण्यात सूक्ष्म मोजमापाची उपकरणे बनविणारा कारखाना चालविणारे ते अभियंते होते. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले, १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापिले, आणि नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन, उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याला पाझर तलाव व त्याखाली विहीर अशा क्रमाने पाणी मुरवून ती पिकती केली.

तेथूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मोजके, परंतु कठोर होते: पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, माणशी अर्धा एकर या हिशेबाने, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते, उसाला मज्जाव, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभारावा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाऊ नये, भूमिहीनालाही वाटा असावा. पाळी सांभाळायला पाटकरी नेमलेला असे, आणि वीस एकरांच्या धन्यालाही त्याने बारे बंद केले म्हणजे थांबावे लागे.

देवस्थान इनामाचा संकेत आपल्याला परिचित आहे: मालक देव, कसणारा केवळ वहिवाटदार. ईशावास्य उपनिषदाने सर्व चराचराविषयी, ते ईश्वराचे आहे म्हणून त्यागपूर्वक भोगावे, अशी जी दृष्टी दिली, तीच साळुंख्यांनी पाण्याला लावली, असे मी समजतो. यावर आक्षेप येतो की, नियमाने लादलेला त्याग हा त्यागच नव्हे. आक्षेप वजनदार आहे. परंतु गावकरी आपसांत ठरवून, स्वतःचा पैसा घालून ज्या बंधनात शिरले, ते लादलेले म्हणता येत नाही, आणि एकट्याच्या औदार्याहून हे बंधन मला श्रेष्ठ वाटते, कारण औदार्यात घेणाऱ्याची मान खाली जाते, हक्काच्या वाट्यात जात नाही. शेजारच्या शिवारातला ऊस मात्र पंचायतीबाहेर राहून पाणी पीतच राहिला, हे तिचे खरे दुःख होते.

साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी ते कार्य पुढे चालविले. पुरंदरच्या कोरड्या पट्ट्यातील माणसांना ५०० मिलिमीटरांच्या आतबाहेर पावसात जे साधले, ते त्याच्या कित्येक पट पाऊस झेलणाऱ्या आम्हांला असाध्य म्हणण्याचा अधिकार नाही. म्हणून माझी ग्रामस्थांना विनंती आहे की, नवी कूपनलिका खोदण्याआधी ग्रामसभेत वाडीतील माणसांची आणि वैशाखातील विहिरींच्या पाण्याची गणती एकत्र मांडावी, आणि पाण्याचा पहिला हिशेब कलमांच्या नव्हे, माणसांच्या नावे करावा.